तान्ह्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर: पहिल्या शंकेपासून पक्क्या निदानापर्यंत

ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्र ओपीडीत बसून मला बरीच वर्षं झाली. दिवसभर मोतीबिंदूची म्हातारी माणसं, चष्म्याचे नंबर, वेल्डिंगवाल्यांच्या डोळ्यात अडकलेले कण. तान्हं बाळ क्वचितच येतं आणि आलंच तर डोळ्याला पाणी येतं नाहीतर चिपडं येतात म्हणून. पण कधीतरी एखादी आजी दारातूनच सांगते, "बाळाच्या डोळ्यात फूल पडलंय वाटतं. संध्याकाळी दिव्याखाली घेतलं की मांजरासारखा चमकतो." हे कानावर पडलं की समोरच्या पेशंटला थांबवून मी आधी त्या बाळाकडे जाते.

फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. तो वर असतो, कुठल्याही उजेडात दिसतो. आजीने पाहिलेली चमक बाहुलीच्या आतून येते, एखाद्याच कोनातून आणि क्षणभरच दिसते. तिची कारणं बरीच आहेत. त्यातलं जिवावर बेतणारं म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. दोन्ही डोळ्यांत असेल तर सरासरी वर्षभराच्या वयात आणि एकाच डोळ्यात असेल तर दोनेक वर्षांच्या वयात लक्षात येतो. पाच वर्षांनंतर तो क्वचितच सापडतो. गाठ डोळ्याच्या आत असतानाच पकडली तर बहुतेक मुलं वाचतात. प्रगत देशांत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडे मुलं दगावतात ती मुख्यतः उशिरा पोचल्यामुळे.

मला एकच गोष्ट पटवायची आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब न घालता कुणी "डोळा नॉर्मल आहे" म्हणालं, तर तपासणी अजून व्हायची आहे असं समजा. हे मी माझ्याच चुकीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीला एक दहा महिन्यांचा मुलगा तिरळेपणासाठी आला होता. मी टॉर्च मारला, बाहुल्या आकुंचन पावल्या, आणि केसपेपरवर लिहून टाकलं, 'तिरळेपणा, सहा महिन्यांनी दाखवणे'. सहा महिन्यांनी तो आला तेव्हा डाव्या डोळ्यातली चमक खिडकीच्या उजेडातसुद्धा दिसत होती. डोळा काढावा लागला. मुलगा वाचला. माझ्या हस्ताक्षरातला तो कागद आजही डोळ्यांपुढे येतो.

पहिलं पाऊल: घरी, मोबाइलने

निरोगी डोळ्यात फ्लॅशचा उजेड पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून परत येतो, म्हणून फोटोत बाहुली लाल-नारिंगी दिसते. आपल्या सावळ्या बाळांत ती गोऱ्या बाळांइतकी भडक लाल नसते, नुकत्या घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी तपकिरी-नारिंगी असते. गाठ असेल तर तिथे दुधाच्या सायीसारखा पांढरा, कधी पिवळसर झोत येतो.

शंका आली असेल तर आधी गॅलरीतले जुने फोटो काढा. बारसं, उष्टावण, मामाच्या घरचे, सगळे. फ्लॅशचे फोटो वेगळे काढून दोन्ही डोळे मोठे करून पाहा. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हाच आजार झाला. नंतर त्यांनी घरातले जुने फोटो तपासले तेव्हा ती चमक निदानाच्या कितीतरी आधीपासून फोटोंत होती. त्यातूनच त्यांनी पांढरी बाहुली शोधणारं मोबाइल ॲप बनवलं. ॲप वापरायला हरकत नाही. पण त्याने 'काही नाही' सांगितलं म्हणून घरी बसू नका.

नवे फोटो काढायचे तर खोलीतला उजेड मंद करा, म्हणजे बाहुल्या आपोआप मोठ्या होतात. पाचेक मिनिटं बाळाला त्या उजेडात राहू द्या. फ्लॅश चालू आणि लाल डोळा काढून टाकणारी सेटिंग बंद. दोन-तीन मीटरवरून फोटो घ्या. एकदा बाळ सरळ कॅमेऱ्याकडे पाहत असताना, मग कुणीतरी खुळखुळा वाजवून त्याला डावीकडे, उजवीकडे, वर पाहायला लावा. गाठ पडद्याच्या कडेला असेल तर समोरून काढलेल्या फोटोत डोळा अगदी स्वच्छ दिसू शकतो.

इथे एक फसवणूक होते. बाळ बाजूला पाहत असताना जो डोळा नाकाकडे वळलेला असतो, त्यात उजेड थेट दृष्टिनाडीच्या तोंडावर पडू शकतो. ते तोंड मुळातच फिकट असतं, म्हणून त्या एकाच फोटोत बाहुली पांढरट दिसते. चमक वेगवेगळ्या फोटोंत, वेगवेगळ्या दिशांना पाहताना, पुन्हापुन्हा त्याच डोळ्यात येत असेल तर काळजीचं कारण जास्त. पण एकाच फोटोत असली तरी तपासणी करून घ्याच. खोट्या शंकेची किंमत एक दुपार आहे.

डॉक्टरांना मूळ फोटो दाखवा. व्हॉट्सॲपवरून चार हात फिरलेल्या फोटोत बाहुलीचा रंग पार धुऊन निघालेला असतो.

पांढरी चमक हे सर्वात जास्त दिसणारं लक्षण. त्याखालोखाल तिरळेपणा. आपल्याकडे तिरळा डोळा भाग्याचा मानणारी माणसं भेटतात आणि "मोठा झाला की जाईल" म्हणणारी तर गल्लोगल्ली. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे होतात, ते चालतं. त्यानंतरही एक डोळा सतत आत किंवा बाहेर राहत असेल, तर पडदा पाहिल्याशिवाय त्याला नुसता तिरळेपणा म्हणू नये. लाल होऊन न ओसरणारा डोळा, एका बाजूचं बुबुळ मोठं दिसणं, मार न लागता डोळ्यात रक्त उतरणं, चांगल्या डोळ्यावर हात ठेवला की बाळाने किंचाळणं, हीसुद्धा त्याच रांगेतली लक्षणं. किंचाळण्याचा अर्थ सोपा आहे: त्याला उघड्या राहिलेल्या डोळ्याने दिसत नाही.

दुसरं पाऊल: कोणाकडे, किती दिवसांत

माझं मत स्पष्ट आहे. पांढरी चमक दिसली की आठवड्याच्या आत नेत्रतज्ज्ञाने थेंब घालून पडदा पाहिलेला असायला हवा. जवळचे बालरोगतज्ज्ञ गाठले तरी चालेल, पण त्यांच्याकडून चिठ्ठीवर 'पांढरी बाहुली, रेटिनोब्लास्टोमा नाही याची खात्री करावी' असं लिहून घ्या. 'डोळ्याची तक्रार' एवढ्याच चिठ्ठीवर तुम्ही चष्म्याच्या रांगेत उभे राहाल.

सरकारी वाटही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत येऊन मुलं तपासतात आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. पण पथक पुढच्या फेरीला येईल म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगा, त्या चिठ्ठी लवकर मिळवून देतात.

पुढच्या तपासण्या मोजक्या ठिकाणी होतात. मुंबईत टाटा मेमोरियल, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद, चेन्नईला शंकर नेत्रालय, दिल्लीत एम्स ही नावाजलेली केंद्रं. नांदेडच्या बाजूच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं, आणि त्यात काही वावगं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेत सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाकडून दाखला मागून घ्या.

निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवा: बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, वजन किती होतं, पेटीत ठेवून ऑक्सिजन दिला होता का, चमक पहिल्यांदा कोणाला आणि कधी दिसली. आणि एक प्रश्न दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विचारा: आपल्या घरात लहानपणी कोणाचा डोळा काढला होता का? आत्या, काका, आजोबांचे भाऊ, कोणीही. "त्यांचा डोळा देवीत गेला" असं घरात सांगत असले तरी ते लिहा. जुन्या घरांत बऱ्याच आजारांना तेच एक नाव मिळालेलं असतं.

तिसरं पाऊल: ओपीडीतली तपासणी

अंधाऱ्या खोलीत, हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपचा, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या उपकरणाचा, उजेड दोन्ही डोळ्यांवर एकदम टाकतात आणि दोन्ही बाहुल्यांतली चमक ताडून पाहतात. परवाच्या एका बाळाचं सांगते. सात महिन्यांची मुलगी, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवलेली. उजव्या डोळ्यात तांबूस, सगळीकडे सारखा उजेड. डाव्यात वरच्या अर्ध्या भागात तसाच आणि खाली पांढरी कोर. तिने मान जराशी वळवली आणि ती कोर नाहीशी झाली. पुन्हा वळवली, पुन्हा आली. इतकीच दिसते ती. म्हणून दोन्ही डोळ्यांत रंगाचा, तेजाचा किंवा आकाराचा कसलाही फरक असला तर बाळाला पुढे पाठवायचं.

मग थेंब. तान्ह्यांसाठी कमी तीव्रतेचे वापरतात, दोन-तीनदा घालावे लागतात आणि बाहुली पुरती मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. काही थेंबांनी डोळ्याभोवतीची कातडी थोडा वेळ पांढुरकी पडते. ती आपोआप पूर्ववत होते. हे थेंब मेडिकलमधून आणून घरी घालायचे नसतात.

बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, डॉक्टर डोक्यावर लावलेल्या दिव्याने आणि हातातल्या भिंगाने पडदा पाहतात. बाळ रडणारच. पण रडणाऱ्या बाळाच्या पडद्याची पार कडेची पट्टी नीट दिसत नाही. त्यामुळे इथे 'गाठ आहे' हे कळू शकतं, 'कुठेच नाही' हे ठामपणे सांगणं अवघड.

पांढऱ्या चमकेची बाकीची कारणं

इथे थोडं थांबते, कारण प्रत्येक पांढरी बाहुली कर्करोगाची नसते आणि आईबापांची झोप उडालेली असते. जन्मजात मोतीबिंदूत पांढरेपणा बाहुलीतच, अगदी पुढे असतो आणि फ्लॅशशिवायही दिसतो. त्यालाही घाई लागतेच, नाहीतर नजर कायमची मंद होते. कोट्स नावाच्या आजारात पडद्याच्या रक्तवाहिन्या गळतात. तो बहुधा मुलग्यांना, एकाच डोळ्यात होतो आणि चमक पिवळ्याकडे झुकते. गर्भातली रक्तवाहिनी जन्मानंतरही डोळ्यात राहून गेली असेल तर तो डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक असतो. हे महत्त्वाचं, कारण रेटिनोब्लास्टोमाचा डोळा सहसा लहान नसतो. कमी दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजार बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, म्हणून मघाशी जन्माचे आठवडे लिहायला सांगितले. कुत्र्याच्या पिलांकडून येणाऱ्या जंतामुळेही पडद्यावर पांढरा गोळा बनतो, पण तो तान्ह्यांत नाही, खेळत्या मुलांत.

दुसऱ्या गाठीही असतात, आणखी दुर्मीळ. पापणीवर स्ट्रॉबेरीसारखी लाल वाढणारी गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ. ती कर्करोग नाही, पण बाहुली झाकत असेल तर नजरेवर परिणाम होतो. डोळा काही दिवसांतच पुढे येऊ लागला तर खोबणीतल्या स्नायूच्या कर्करोगाची शंका घेतात. आणि मार लागलेला नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडलं असेल, तर डोळ्याइतकंच पोट तपासावं लागतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत सुरू झालेला न्यूरोब्लास्टोमा नावाचा कर्करोग असा डोळ्यांपाशी येऊन उघडा पडतो. अशा बाळाच्या आईवर कुणी "मारलं का?" म्हणून संशय घेण्याआधी सोनोग्राफी व्हायला हवी.

चौथं पाऊल: भूल देऊन पूर्ण तपासणी

निदान खऱ्या अर्थाने इथे होतं. भुलीला घरचे घाबरतात. "एवढ्याशा जिवाला बेशुद्ध करणार?" हा प्रश्न मी दर वेळी ऐकते. पण पडद्याची कडेपर्यंतची पट्टी पाहायची तर डॉक्टरांना डोळ्याच्या गोलाला बाहेरून हलकंसं दाबत फिरावं लागतं, आणि जागं बाळ ते करू देत नाही.

पोट रिकामं ठेवण्याचा हिशोब सहसा असा: पावडरचं किंवा गाईचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. तारीख चार दिवस पुढे गेलेली परवडते.

आत दोन्ही डोळे पाहतात, चांगला दिसणारासुद्धा. ही अट पक्की लक्षात ठेवा. एका डोळ्यासाठी आलेल्या बाळाच्या दुसऱ्या डोळ्यात मोहरीएवढी गाठ सापडण्याची उदाहरणं नवी नाहीत. डोळ्याचा दाब मोजतात, बुबुळाची रुंदी मोजतात, मोठ्या कोनाच्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो घेतात आणि प्रत्येक गाठ कुठे, केवढी, हे नकाशावर काढतात. गाठीचे कण आतल्या जेलीसारख्या द्रवात तरंगताहेत का, पडद्याखाली पाणी झालंय का, हेही नोंदवतात. मग मिटलेल्या पापणीवर जेल लावून डोळ्याची सोनोग्राफी. या गाठीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, कण साठतात. ते सोनोग्राफीच्या चित्रात लखलखतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. बाळाच्या डोळ्यातली गाठ आणि तिच्यात चुना, हे जोडीने सापडलं की निदान जवळपास ठरतं. अपवाद आहे: पडद्यावर सपाट पसरत जाणारा एक दुर्मीळ प्रकार, ज्यात गोळाही नसतो आणि चुनाही. तो थोड्या मोठ्या मुलांत सुजेसारखा दिसतो आणि डॉक्टरांनाही चकवतो.

शेवटी डोळ्याला ए ते ई असा गट देतात. ए म्हणजे ३ मिलिमीटरपर्यंतच्या, नाजूक जागांपासून दूर असलेल्या लहान गाठी. ई म्हणजे बहुतेक वाचवता न येणारा डोळा. बाहेर आल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: प्रत्येक डोळ्याचा गट कोणता, आणि पडद्याचे फोटो मिळतील का? पुढे कुठेही गेलात तरी या दोन गोष्टींवरून नवा डॉक्टर पाच मिनिटांत परिस्थिती ओळखेल.

सुई का घालत नाहीत

कर्करोग म्हटलं की नातेवाइकांपैकी कुणीतरी विचारतंच, "तुकडा तपासला का?" बहुतेक कर्करोगांत हा प्रश्न बरोबर आहे. इथे तो घातक. डोळ्याचा गोल बंद डब्यासारखा असतो. त्यात सुई घातली तर तिच्या वाटेने पेशी बाहेर पडून खोबणीत आणि पुढे शरीरात पसरू शकतात, आणि बरा होऊ शकणारा आजार हाताबाहेर जातो. म्हणून हा अशा थोड्या कर्करोगांपैकी आहे ज्यात तुकडा न काढता, नुसत्या दिसण्यावरून उपचार सुरू होतात. याच कारणाने पांढऱ्या बाहुलीच्या बाळावर खात्री होण्याआधी मोतीबिंदूची किंवा पडद्याची शस्त्रक्रिया करायला कुणी निघालं असेल तर तिथेच थांबवा. "आधी रेटिनोब्लास्टोमा नाही असं लिहून द्या," एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. खोबणीतल्या, म्हणजे डोळ्याबाहेरच्या गाठीचं गणित वेगळं. तिथे तुकडा तपासावाच लागतो.

पाचवं पाऊल: एमआरआय, आणि सीटी शक्यतो नको

एमआरआय करतात तो गाठ डोळ्याबाहेर सरकली आहे का हे पाहायला: दृष्टिनाडीतून मेंदूकडे, की भिंतीतून खोबणीत. सोबत मेंदूही पाहतात, कारण आनुवंशिक प्रकारात मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीजवळ तशीच गाठ क्वचित होते. सीटी स्कॅनमध्ये चुना झटकन दिसतो, स्वस्तही पडतो, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सर्रास लिहून देतात. पण त्यात क्ष-किरण असतात आणि आनुवंशिक प्रकारच्या बाळाला किरणांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याची भीती जास्त. चुना सोनोग्राफीतही दिसतोच. हाडातला मगज आणि पाठीतलं पाणी काढून तपासणं सगळ्यांना लागत नाही, आजार बाहेर पसरल्याची शंका असेल तरच.

सहावं पाऊल: रक्त, आईबाबा आणि भावंडं

१९७१ मध्ये अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी याच आजाराच्या नोंदींवरून मांडलं की गाठ होण्यासाठी दोन आघात लागतात. काही बाळांना पहिला आघात जन्मतःच, शरीरातल्या प्रत्येक पेशीत मिळालेला असतो. बाकीच्यांत दोन्ही आघात पडद्याच्या एकाच पेशीत नंतर होतात. तो जनुक आता आरबी-१ म्हणून ओळखतात, तेराव्या गुणसूत्रावर. सुमारे ४० टक्के बाळांत प्रकार आनुवंशिक असतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर आनुवंशिकच धरायचा. एकाच डोळ्यात असली तरी अंदाजे सातांत एक बाळ आनुवंशिक निघतं, म्हणून रक्ताची जनुक तपासणी सगळ्यांचीच करावी असं मला वाटतं. डोळा काढावा लागला असेल तर गाठीचा नमुना जनुक तपासणीसाठी जपून ठेवता येईल का, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

'आनुवंशिक' शब्द ऐकून सासर-माहेरची भांडणं सुरू झालेली मी ओपीडीच्या बाकावर पाहिली आहेत. आनुवंशिक प्रकारच्या बहुतेक बाळांच्या घरात आधी कुणालाच हा आजार झालेला नसतो. बदल त्या बाळातच पहिल्यांदा घडलेला असतो. तरी आई आणि बाबा दोघांनी थेंब घालून स्वतःचे पडदे तपासून घ्यावेत. लहानपणी आपोआप थांबलेल्या गाठीचा वण कधीकधी एखाद्याच्या डोळ्यात सापडतो, ज्याचा त्याला आयुष्यभर पत्ता नसतो.

भावंडांना तपासा, जनुकाचा निकाल येईपर्यंत न थांबता. आणि पुढचं मूल होणार असेल तर गरोदरपणातच नेत्रतज्ज्ञांना सांगून ठेवा. आई किंवा बाबांमध्ये बदल असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. अशा बाळाची पहिली तपासणी पहिल्या आठवड्यातच, आणि पहिले दोन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी. सुरुवातीच्या गाठी पडद्याच्या मध्याजवळ येतात, नजरेच्या अगदी जागी, आणि तेव्हा त्या लेसरने विझवण्याइतक्या बारीक असतात. बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवायचं, त्याच्या आधी त्याच्या डोळ्यात थेंब पडलेले असायला हवेत.